कर्नल बदलण्याआधी परतीचा रस्ता बघून ठेवा: लिनक्स मिंटवर कर्नल अपग्रेड, पायरीपायरीने

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोग्रॅम आणि हार्डवेअर यांना जोडणारा भाग. तो अपग्रेड करताना लोकांचं जे बिघडतं ते अपग्रेडमुळे फारच कमी वेळा बिघडतं. बिघडतं ते क्रम चुकल्यामुळे. अपडेट मॅनेजर उघडला, सगळ्यावर टिक केली, पासवर्ड टाकला, जागा मोकळी व्हावी म्हणून लगेच जुना कर्नलही काढून टाकला आणि मग रीस्टार्ट मारला. नवा कर्नल चालला तर ठीक, पण नाही चालला तर मागे जायला काहीच शिल्लक नाही. माझ्या मावसभावाच्या दुकानातल्या कंप्युटरचं हेच झालं होतं, रिटर्न भरायच्या आदल्या रात्री त्याने अपग्रेड केला, वायफाय गायब, जुना कर्नल आधीच साफ केलेला, आणि ड्रायव्हर उतरवून घ्यायला नेटच नाही. मी सकाळी पहिल्या गाडीने गेलो आणि पेनड्राइव्हवरून जुना कर्नल टाकून दिला. काम अर्ध्या तासाचं होतं, पण त्याची रात्र गेली ती गेलीच.

खालचं सगळं मी लिनक्स मिंट २२ ची मालिका समोर ठेवून लिहितोय. उबंटू २४.०४ ला आतून सगळं तेच आहे, फक्त खिडक्या वेगळ्या, जिथे फरक पडतो तिथे सांगेन. दुसऱ्या डिस्ट्रोंचं (म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांचं) सांगायचं तर फेडोरा नेहमीच्या सेटिंगमध्ये शेवटचे ३ कर्नल स्वतःहून ठेवते. आर्च मात्र जुन्याच्या जागेवरच नवा बसवते, त्यामुळे आर्चवाल्यांनी एलटीएस (जास्त काळ सांभाळला जाणारा) कर्नल शेजारी बसवून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे, डॅश, स्लॅश आणि मोकळ्या जागा जशा दाखवल्यात तशाच. कीबोर्ड मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणा, कारण पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत आणि चुकतंय कुठे ते कळत नाही.

## टप्पा १: कोणता कर्नल, आणि हवाय कशाला?

टर्मिनल उघडा आणि टाका:

`यूनेम -आर`

उत्तर येईल समजा `६.८.०-६०-जनरिक`. यातलं ६.८ म्हणजे मालिका, आणि डॅशनंतरचं ६० म्हणजे त्या मालिकेतला कितवा बिल्ड. हा नंबर वहीत लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नको, खरंच कागदावर, कारण गडबडीत तोच आधी लागतो.

आता अपग्रेड दोन प्रकारचे असतात आणि लोक ते एकच समजतात.

पहिला, मालिका तीच, बिल्ड नवा. ६.८.०-६० वरून ६.८.०-६४. यात मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. हा टाळू नका, आला की करा, यात बिघाडाची शक्यता कमी असते.

दुसरा, मालिकाच बदलायची. ६.८ वरून ६.१४. यात ड्रायव्हर बदलतात, काही नवीन येतात, काही जुनी वागणूक बदलते. हा करायला कारण पाहिजे: नवीन लॅपटॉप घेतलाय आणि त्याचं वायफाय किंवा टचपॅड जुन्या कर्नलला ओळखता येत नाही, ग्राफिक्स नवीन आहे, झोपेतून मशीन उठत नाही. नंबर मोठा आहे म्हणून घेतो, हे कारण नव्हे. मिंट २२ आणि २२.१ सोबत ६.८ येतो, २२.२ सोबत ६.१४ येतो. ६.८ ला उबंटूकडून एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, तेव्हा सगळं नीट चालत असेल तर तिथेच राहण्यात कसलाही कमीपणा नाही. उलट मधल्या मालिकांचं आयुष्य छोटं असतं, ६.११ फेब्रुवारी २०२५ मध्ये २४.०४.२ सोबत आला आणि ऑगस्टमध्ये ६.१४ आल्यावर तो मागे पडला. म्हणजे एकदा त्या वाटेला लागलात की दर काही महिन्यांनी पुढच्या मालिकेवर उडी मारावीच लागते, हे धरून चाला.

> सावधान: मेनलाइन कर्नल, म्हणजे थेट मूळ सोर्सवरून बनवलेले बिल्ड, रोजच्या कामाच्या मशीनवर बसवू नका. त्यांच्यावर डिस्ट्रोची सही नसते, सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी मशीनची सोय) चालू असेल तर ते बूटच होत नाहीत, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत. यूट्यूबवर बघून लोक हेच आधी करतात.

## टप्पा २: तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. इन्स्टॉल करायला ५ मिनिटं लागतात, तयारीला तास जाऊ द्या.

आधी बाकीचे अपडेट संपवा आणि रीस्टार्ट करा. बरेच जण ग्राफिक्स ड्रायव्हर, कर्नल आणि बाकीचे शंभर पॅकेज एकाच दमात घेतात, मग रीस्टार्टनंतर काही मोडलं की ते कशामुळे मोडलं हे शोधणं अशक्य होतं. म्हणून बाकीचं आधी, रीस्टार्ट, एक दिवस नेहमीचं काम, आणि मग फक्त कर्नल. बायोसचं अपडेटसुद्धा त्याच दिवशी करू नका.

जागा बघा.

`डीएफ -एच / /बूट`

दोन्ही ओळींत एकच पार्टिशन दिसलं तर बूटसाठी वेगळं पार्टिशन नाही, मग रूटवर (मुख्य पार्टिशनवर) ५ जीबी मोकळे असले की झालं. पण इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहान असतं, आणि खरी गोची तिथेच होते. प्रत्येक कर्नलसोबत तिथे इनिटआरडी नावाची, बूट होताना सुरुवातीला लागणारी एक फाइल बनते, ती शंभर-दोनशे एमबीची असू शकते, ती बनत असताना जागा संपली तर अर्धवट राहते, इन्स्टॉलर शेवटी एखादी लाल ओळ दाखवतो जी कोणी वाचत नाही, आणि रीस्टार्टला कर्नल पॅनिक, म्हणजे मशीन सुरू होतानाच अडकतं. बूटमध्ये किमान ५०० एमबी मोकळे पाहिजेत. नसतील तर सगळ्यात जुना कर्नल काढा, पण आत्ता चालू असलेला आणि त्याच्या आधीचा एक, हे दोन सोडून.

> सावधान: बूट फोल्डरमध्ये जाऊन फाइल हाताने डिलीट करू नका. पॅकेज सिस्टिमला वाटतं कर्नल अजून आहे, ग्रबला (मशीन सुरू होताना कर्नल निवडून देणारा प्रोग्रॅम) तो मेन्यूत दिसतो, आणि फाइल मात्र नसते. काढायचा तर अपडेट मॅनेजरमधूनच काढा.

टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमच्या आजच्या अवस्थेची प्रत, घ्या. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीपासून असतं. आरसिंक प्रकार निवडा, जागा म्हणून शक्यतो दुसरी डिस्क द्या, आणि ती डिस्क लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर फॉरमॅट केलेली पाहिजे, ईएक्सटी४ असली की बरं. विंडोजची एनटीएफएस डिस्क टाइमशिफ्ट घेणार नाही, इथे बरेच लोक अडकतात. पहिला स्नॅपशॉट मोठा असतो, सिस्टिम जेवढी आहे साधारण तेवढा, त्यामुळे चहा ठेवून बसा.

आणि एक लक्षात घ्या, टाइमशिफ्ट तुमच्या फायलींचा बॅकअप नाही. फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट हे सगळं होम फोल्डरमध्ये असतं आणि टाइमशिफ्ट मुद्दाम ते सोडून देतं. ते वेगळं कॉपी करा.

लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून इन्स्टॉल न करता थेट मिंट चालतं) बनवा आणि त्यावरून एकदा खरंच बूट करून बघा. बनवून कपाटात ठेवलेला पेनड्राइव्ह हा पेनड्राइव्ह नव्हे. बायोसमध्ये बूट मेन्यूची की कोणती, एफ१२ की एफ९ की एस्केप, ते आत्ता कळू दे. लाइव्ह मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतंच, म्हणजे मशीन अजिबात उठलं नाही तरी तिथून स्नॅपशॉट परत टाकता येतो.

मोबाइलचं यूएसबी टेदरिंग चालतंय का बघा. केबल लावा, मोबाइलवर यूएसबी टेदरिंग चालू करा, वायफाय बंद करा आणि एखादं पान उघडतंय का बघा. नव्या कर्नलवर वायफाय गेलं तर हाच एक मार्ग उरतो, आणि यासाठी बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मावसभावाला त्या रात्री एवढं माहीत असतं तरी झोप मिळाली असती.

बाहेरचे ड्रायव्हर कोणते आहेत? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

`डीकेएमएस स्टेटस`

काहीच आलं नाही तर छान, तुमचं काम सोपं आहे. पण एनव्हिडिया, व्हर्च्युअलबॉक्स, ब्रॉडकॉम किंवा रिअलटेकचं वायफाय असलं काही दिसलं, तर ती मॉड्यूल (ड्रायव्हरचे तुकडे) कर्नलसोबत येत नाहीत, प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएस ती तुमच्याच मशीनवर नव्याने कंपाइल करतं. तो बांधकामाचा भाग फसला की कर्नल उठतो पण वायफाय नाही, किंवा डेस्कटॉपच नाही. त्यातही एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांना जो ३९० मालिकेचा ड्रायव्हर लागतो त्याचा सपोर्ट २०२२ च्या शेवटी संपला, तेव्हा तसलं कार्ड असेल तर मालिका बदलण्याच्या फंदात पडू नका, ६.८ वर चालतंय ते चालू द्या.

आजची अवस्था नोंदवून ठेवा.

`जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर > आधी.टीएक्सटी`

फाइलचं नाव मराठीत दिलं तरी लिनक्सला चालतं. जवळजवळ प्रत्येक मशीनमध्ये चांगलं चालत असतानाही पाच-दहा एरर असतात, एसीपीआय बायोस एररच्या लाल ओळी तर हमखास. हे आधी बघितलेलं नसतं, अपग्रेडनंतर माणूस पहिल्यांदा लॉग उघडतो आणि त्या ओळी बघून घाबरतो. दोन्ही फायली शेजारी ठेवल्या की नवीन काय आलं तेवढंच बघायचं.

वीज. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून. डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे संध्याकाळी लाइट जाते, तर यूपीएस असल्याशिवाय त्या वेळेला हे काम काढू नका.

## टप्पा ३: परत यायचा दरवाजा उघडून बघा

ही पायरी लोक सोडतात, आणि मी तर म्हणेन बाकी काही नाही केलं तरी हे करा.

मशीनवर फक्त मिंट असेल तर ग्रबचा मेन्यू लपलेला असतो. एस्केप किंवा शिफ्ट योग्य क्षणी दाबून तो येतो म्हणतात, पण तो क्षण पकडणं नवख्याला जमत नाही, आणि एस्केप जास्त वेळा दाबलं तर ग्रबची काळी कमांड लाइन येते आणि अजून घाबरगुंडी. त्यापेक्षा मेन्यू कायमचा दिसेल असं करून टाका:

`सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब`

या फाइलमध्ये नावं मोठ्या अक्षरांत आहेत. ग्रब_टाइमआउट_स्टाइल च्या पुढे हिडन असेल तिथे मेन्यू करा, आणि ग्रब_टाइमआउट च्या पुढे ५ लिहा. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग:

`सुडो अपडेट-ग्रब`

ही शेवटची कमांड विसरलात तर फाइल बदलूनही काही होत नाही.

आता रीस्टार्ट करा. मेन्यू आला की बाण खाली नेऊन ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स वर एंटर मारा. तिथे प्रत्येक कर्नलच्या दोन ओळी दिसतील, एक साधी, एक रिकव्हरी मोडची. साध्या ओळींपैकी जुन्या कर्नलची निवडा आणि मशीन पूर्ण उठेपर्यंत थांबा.

✔ तपासा: `यूनेम -आर` जुना नंबर दाखवतोय? वायफाय चालतंय? मग तुमचा परतीचा रस्ता खरा आहे. मेन्यूत एकच कर्नल असेल तर सध्याचा चालू कर्नल हाच परतीचा, तो जपायचा. पुन्हा रीस्टार्ट करून नेहमीच्या कर्नलवर या.

## टप्पा ४: सिक्युअर बूटचं बघून घ्या

`मॉकयुटिल --एसबी-स्टेट`

डिसेबल्ड आलं तर हा टप्पा सोडा. एनेबल्ड आलं आणि डीकेएमएसमध्ये काही नव्हतं, तरी सोडा, कारण मिंट-उबंटूचे कर्नल सही केलेलेच येतात.

दोन्ही असतील तर मात्र वाचा. तुमच्या मशीनवर बनलेल्या मॉड्यूलवर तुमच्याच मशीनची चावी वापरून सही होते, आणि ती चावी फर्मवेअरमध्ये एकदा नोंदवावी लागते. आधीच नोंदवलेली असेल आणि ड्रायव्हर आत्ता चालत असेल तर नवीन कर्नललाही तीच चालते, पुन्हा काही करावं लागत नाही. नोंदवलेली नसेल तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते. ती १० सेकंद थांबते. तेवढ्यात कोणतीही की दाबली नाही तर मशीन मुकाट्याने पुढे जातं, चावी नोंदवायची राहते, आणि ड्रायव्हर चालत नाही. मी बघितलंय, माणूस रीस्टार्ट मारून पाणी प्यायला उठतो आणि परत येईपर्यंत ती निळी स्क्रीन येऊन गेलेली असते. त्या रीस्टार्टला खुर्ची सोडू नका. एनरोल मॉक, कंटिन्यू, येस, मग तो ठरवलेला पासवर्ड, मग रीबूट.

> सावधान: कंटाळून बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करणार असाल आणि त्याच मशीनवर विंडोज असेल, तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की काढून ठेवा. सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की विंडोज ती की मागू शकतं, आणि नसेल तर ती डिस्क उघडत नाही.

## टप्पा ५: इन्स्टॉल

आता खरं काम, आणि ते छोटंच आहे.

१. अपडेट मॅनेजर उघडा, व्ह्यू मेन्यूत लिनक्स कर्नल्स वर जा. एक इशारा येईल, तो वाचून पुढे जा.

२. डावीकडे मालिका दिसतात, ६.८, ६.१४ वगैरे. हवी ती निवडा, आणि तिच्यातला सगळ्यात वरचा, म्हणजे ताजा बिल्ड घ्या.

३. इन्स्टॉल दाबा, पासवर्ड द्या. मिंट इथून इमेज, मॉड्यूल आणि हेडर्स सगळं एकत्र आणतं. हेडर्स नसले तर डीकेएमएस काहीच बांधू शकत नाही, आणि हाताने एकेक पॅकेज उतरवणाऱ्यांचं नेमकं तेच राहतं.

४. तपशील दाखवायची खिडकी उघडी ठेवा आणि शेवटच्या वीस-तीस ओळी वाचा.

उबंटूवाल्यांनी टर्मिनलमधून: `सुडो एपीटी अपडेट`, आणि मग `सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जनरिक-एचडब्ल्यूई-२४.०४`.

मध्येच लाइट गेली किंवा मशीन बंद पडलं तर जुन्या कर्नलवरून उठा आणि `सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए` चालवा, मग `सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल`. अर्धवट राहिलेलं काम तिथून पुरं होतं.

✔ रीस्टार्ट करण्याआधी तपासा, इथे घाई करू नका:

`डीकेएमएस स्टेटस` पुन्हा चालवा. प्रत्येक मॉड्यूलसमोर नव्या कर्नलचा नंबर आणि इन्स्टॉल्ड असं दिसलं पाहिजे. नुसतं ॲडेड दिसतंय किंवा नवा नंबरच नाही, तर बांधकाम फसलंय, रीस्टार्ट करून फायदा नाही. व्हार-लिब-डीकेएमएस फोल्डरमध्ये त्या मॉड्यूलच्या बिल्ड फोल्डरात मेक.लॉग असतो, त्याचा शेवट वाचा.

`एलएस -एलएच /बूट` चालवा. नव्या नंबरची व्हीएमलिनझ (खुद्द कर्नलची फाइल) आणि इनिटआरडी, दोन्ही फायली पाहिजेत. इनिटआरडी नाही किंवा जुन्या कर्नलच्या इनिटआरडीपेक्षा खूपच लहान आहे, तर जागा कमी पडली. जागा करा, आणि `सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के` च्या पुढे कर्नलचा पूर्ण नंबर लिहून ती पुन्हा बनवा, मग `सुडो अपडेट-ग्रब`. समजा ती अर्धवट फाइल आधीच आहे म्हणून कमांड नकार देत असेल तर -सी च्या जागी -यू द्या.

## टप्पा ६: पहिला रीस्टार्ट

सगळं सेव्ह करा, बाहेरच्या डिस्क काढून ठेवा, रीस्टार्ट. ग्रबमध्ये काही निवडायची गरज नाही, सगळ्यात नवा कर्नल आपोआप घेतला जातो. पहिल्या वेळी थोडा जास्त वेळ लागला तर लगेच पॉवर बटण दाबू नका, २-३ मिनिटं द्या.

उठल्यावर `यूनेम -आर`. नवा नंबर दिसला तरच तुम्ही नव्या कर्नलवर आहात. डेस्कटॉप आला म्हणजे अपग्रेड झाला असं नसतं, कितीतरी जण आठवडाभर जुन्यावरच असतात आणि नवा चांगला चाललाय म्हणून सांगतात.

मग एकेक करून हे बघा, आणि खरंच वापरून बघा: वायफाय आणि ब्लूटूथ, स्पीकर आणि हेडफोन दोन्ही, माइक, कॅमेरा, स्क्रीनचं रिझोल्यूशन, दुसरा मॉनिटर, प्रिंटर, पेनड्राइव्ह. एनव्हिडिया असेल तर `एनव्हिडिया-एसएमआय` कार्डचं नाव दाखवतंय का. ब्राइटनेसच्या कीज.

झोपवून उठवणं मुद्दाम वेगळं सांगतो, कारण सस्पेंडमध्ये कर्नल सगळ्यात जास्त दगा देतो आणि ते दोन दिवसांनी कळतं. तीनदा करा, एकदा झाकण बंद करून, एकदा मेन्यूतून, आणि एकदा रात्रभर. उठल्यावर वायफाय परत जोडलं जातंय का, आवाज येतोय का, हे प्रत्येक वेळी.

शेवटी लॉग:

`जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर > नंतर.टीएक्सटी`

आधी.टीएक्सटी शेजारी उघडा आणि फक्त नव्या ओळी बघा.

## टप्पा ७: नाही उठलं तर

घाबरू नका, तुम्ही टप्पा ३ केलाय.

मशीन अडकलं असेल तर पॉवर बटण दाबून धरण्याआधी हे करा: ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवा, आणि एकेक सेकंदाने एस, यू, बी दाबा. डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहिलं जातं आणि मग मशीन रीस्टार्ट होतं. काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण धरावं लागतं.

मग ग्रब, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, जुना कर्नल. वहीतला नंबर आठवतोय ना, तोच. बहुतेक वेळा काम तुम्ही दोन मिनिटांत परत सुरू करू शकता, आणि दुरुस्ती सावकाश.

स्क्रीनवर काय दिसलं त्यावरून रोग कळतो, म्हणून रीस्टार्ट करण्याआधी मोबाइलने फोटो काढा.

रूट एफएस माउंट करता येत नाही, अननोन ब्लॉक ०,० असं कर्नल पॅनिक आलं तर बहुतेक वेळा इनिटआरडी नाही किंवा अर्धवट आहे. जुन्या कर्नलवरून टप्पा ५ मधली कमांड.

बॅड शिम सिग्नेचर आलं तर तो कर्नल सही नसलेला आहे. मेनलाइन टाकला असणार. काढून टाका.

लोगोनंतर काळी स्क्रीन, कर्सर नुसता लुकलुकतोय. हा बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. ग्रबमध्ये नव्या कर्नलच्या ओळीवर उभं राहून ई दाबा, क्वाएट स्प्लॅश असे शब्द दिसतील, त्यांच्या पुढे मोकळी जागा सोडून नोमोडसेट लिहा, एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. डेस्कटॉप आला की ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर पुन्हा बसवा.

सगळं चालतंय, फक्त वायफाय नाही. मोबाइल टेदरिंग लावा आणि नव्या कर्नलवरच `सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल` चालवा. मॉड्यूल बांधलं जातं पण लोड होताना की रिजेक्टेड असं म्हणत असेल, तर प्रश्न सिक्युअर बूटच्या चावीचा आहे, टप्पा ४ ला जा.

आणि यातलं काही जमत नसेल तर हट्ट नको. जुन्या कर्नलवर उठा, लिनक्स कर्नल्स च्या खिडकीत जाऊन नवा काढून टाका. तो पुन्हा अपडेटच्या यादीत आला तर त्यावर राइट क्लिक करून इग्नोर करा, आणि दोन-तीन बिल्ड पुढे गेल्यावर परत बघा, पुष्कळदा तोवर ते दुरुस्त झालेलं असतं. टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट हा शेवटचा उपाय. नुसता कर्नल बिघडला असेल तर अख्खी सिस्टिम मागे न्यायची गरज नसते, आणि लोक भीतीपोटी तेच आधी करतात.

## टप्पा ८: जुना कर्नल काढायचा, पण कधी?

आज नाही. उद्याही नाही. किमान आठवडा नेहमीचं काम त्या कर्नलवर करा, ज्यात एकदा तरी प्रिंट काढली जाईल, एकदा व्हिडिओ कॉल होईल, एकदा लॅपटॉप रात्रभर झोपेल. या आठवड्यात `ऑटोरिमूव्ह` (गरज संपलेली पॅकेज काढणारी एपीटीची कमांड) चालवू नका, आणि अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशनखाली जुने कर्नल काढून टाकायचा जो पर्याय आहे तो चालू असेल तर तेवढे दिवस बंद ठेवा.

आठवडा गेला की लिनक्स कर्नल्स च्या खिडकीतून जास्तीचे काढा. दोन ठेवा: आत्ताचा, आणि त्याच्या आधीचा जो तुमच्या मशीनवर चांगला चालल्याचं तुम्हाला स्वतःला माहीत आहे. इथे एक चूक फार होते, मधला एखादा बिल्ड जो कधी बूटच करून बघितला नाही तो ठेवला जातो आणि भरवशाचा जुना उडवला जातो, केवळ त्याचा नंबर लहान आहे म्हणून.

✔ तपासा: काढल्यावर एकदा रीस्टार्ट करून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा, दोन नंबर दिसले पाहिजेत. दोन्हींवरून एकेकदा उठून बघा, आणि वहीत जुन्या नंबरखाली नवा नंबर आणि तारीख लिहून ठेवा.